मामांचा केशरी हंगाम

दुबईत जगाच्या पाठीवरच्या यच्चयावत देशांची माणसं सापडतात आणि त्यांची यच्चयावत खुळंही सापडतात. पण जपानच्या दुसऱ्या दर्जाच्या फुटबॉल लीगमध्ये, त्यातही तळाला लोळणाऱ्या एका क्लबसाठी सुट्टीच्या दिवशी आंघोळ उरकून, देवापुढे दिवा लावून, सकाळी नऊच्या ठोक्याला टीव्हीसमोर मांडी ठोकणारा माणूस अख्ख्या अमिरातीत एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा. लग्नाआधी पत्रिका बघताना हा योग मला कुणीही सांगितला नव्हता. सांगितला असता तरी लग्न केलंच असतं म्हणा, पण जरा तयारीनं आलो असतो. दुबईच्या करामा भागातल्या त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मामांनी दार उघडलं, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "जावईबापू, ऑफसाइड कळतो का?" मी बेधडक हो म्हणालो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाची ती थाप त्यांनी तिथल्या तिथे ओळखली. मग पुढचा पाऊण तास मिठाची वाटी, दोन भजी आणि लिंबाची एक फोड ताटात इकडून तिकडे सरकवत त्यांनी मला ऑफसाइड समजावला. लिंबाची फोड तीनदा ऑफसाइड गेली, मला ओ की ठो कळलं नाही आणि वरण-भात पार गोठून गेला.

या खुळाचं मूळ वीसेक वर्षांपूर्वीचं. मामा अल क्वोजमधल्या एका गोदामात स्टोअर्स मॅनेजर होते. तिथे जपानी फोर्कलिफ्टचे सुटे भाग येत, म्हणून कंपनीनं त्यांना तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला जपानमधल्या एका लहानशा बंदराच्या गावी पाठवलं. मामा पक्के शाकाहारी. पहिला आठवडा त्यांनी केळी, पांढरा भात आणि मामींनी दिलेला चिवडा यांवर काढला. रविवारी चिवडाही संपला, तेव्हा ते खपाटीला गेलेलं पोट घेऊन रस्त्यावर आले आणि बघतात तर काय, समोरून केशरी झेंडे, केशरी कपडे, ढोल, म्हातारीकोतारी, कडेवर लेकरं, सगळे एकाच दिशेने चाललेले! मामांना वाटलं, जत्रा. जत्रा म्हणजे देऊळ आलं आणि देऊळ म्हणजे प्रसाद आला. ते निघाले त्यांच्यामागे. एका खिडकीवर पैसे घेऊन कागद दिला, तो त्यांना विशेष दर्शनाचा पास वाटला. दारापाशी त्यांनी बूट काढले. दारावरचा माणूस क्षणभर गांगरला, पण न हसता त्यानं ते बूट प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि दोन्ही हातांनी, वाकून, परत दिले. मामा अनवाणी आत गेले आणि दोन मिनिटं गाभारा शोधत उभे राहिले.

शेजारच्या खुर्चीवर एक आजीबाई होत्या. त्यांनी या अनवाणी माणसाकडे पाहिलं आणि डब्यातला भाताचा गोळा काढून दिला. आत आंबट-खारट फळ होतं. "अहो, लोणच्यातली फोडच जणू!" मामा सांगत, आणि सांगताना दर वेळी तोंडाला पाणी सुटल्यासारखं करत. तो दिवस केशरी क्लबचा नव्हता. चार गोल खाल्ले. मॅच संपल्यावर सगळे खेळाडू रांगेनं लोकांसमोर आले आणि कमरेत वाकून उभे राहिले. हरलो, माफी असावी. आजीबाईंनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या, पर्समधून पिशवी काढली आणि खुर्च्यांखालचा कचरा उचलायला लागल्या. मामांजवळ पिशवी एकच, बुटांची. त्यांनी बूट पायात चढवले आणि पिशवी कचऱ्यानं भरली. "जिंकणाऱ्याच्या मागे कोणीही जातो हो जावईबापू," ते म्हणत, "हरून नमस्कार करणारे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. तेव्हापासून आपण त्यांचे." त्या क्लबचं नाव लांबलचक आहे आणि मला ते अजून धड म्हणता येत नाही. आमच्याकडे सगळे त्यांना 'आपले' म्हणतात.

जपानहून मामा आले ते तिथली वेळ घेऊनच. हॉलमध्ये शेजारी शेजारी दोन घड्याळं लागली, एक दुबईचं, एक जपानचं, पाच तास पुढे. खाली पाटी वगैरे काही नाही, कारण मामांच्या मते घरच्या माणसाला ते कळतंच. बाहेरच्या माणसाचं काय? अबू धाबीचे एक स्नेही दुपारी एक वाजता जेवत होते. त्यांची नजर भलत्या घड्याळावर गेली. "अरे बापरे, सहा वाजले!" म्हणून ताटातला शिरा तसाच टाकून ते बायकोला आणायला विमानतळावर धावले आणि पाच तास तिथे ताटकळत बसले. ते पुन्हा कधी जेवायला आले नाहीत. पूर्वी इथे रविवारी कामाचा दिवस असे, त्यामुळे मामांच्या निम्म्या मॅचेस बुडत. काही वर्षांपूर्वी सरकारनं सुट्टी शनिवार-रविवारवर आणली. अख्खी दुबई गोंधळली, मामा मात्र बातमी ऐकून शांतपणे म्हणाले, "चला, ऐकलं बाबा एकदाचं!" त्यांनी कुणाला आणि काय कळवलं होतं, हे विचारायची आमची हिंमत झाली नाही.

त्या लीगमध्ये हंगामाच्या शेवटी खालचे तीन क्लब आणखी खालच्या लीगमध्ये ढकलले जातात. आपले दर वर्षी तिथेच घोटाळत असत. मी एकदा म्हटलं, "मामा, एखादा वरचा क्लब धरा की." त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "वरचे म्हणजे गोल्डन व्हिसावाले, दहा वर्षं निर्धास्त. त्यांना आपली काय गरज? तळातले आपल्यासारखे. दर दोन वर्षांनी व्हिसाचं मेडिकल, टायपिंग सेंटरात फॉर्म आणि साहेबाच्या तोंडाकडे बघत बसायचं, ठेवतोय की पाठवतोय. मी तीस वर्षं हीच लीग खेळतोय जावईबापू." मी वरच्या क्लबांचा विषय तिथेच सोडला, कारण माझाही व्हिसा त्याच महिन्यात संपत होता.

महाराष्ट्र मंडळात मात्र त्यांनी उच्छाद मांडला होता. गणपतीच्या कार्यक्रमाला लोक शाळेच्या हॉलमध्ये जमले की दारात अत्तर लावायच्या जागी मामा कचऱ्याच्या पिशव्या घेऊन उभे. अध्यक्ष वैतागले. "अहो, क्लीनिंगवाले सांगितलेत आपण!" मामा म्हणाले, "नमस्काराला आलात ना? मग वाकणारच. वाकलाच आहात तर तो कप उचला." अध्यक्षांनी कप उचलला. तंबोल्यात हरले की मामा उठून सगळ्या हॉलला वाकून नमस्कार करत. नवीन आलेल्यांना वाटे, हेच प्रमुख पाहुणे.

माझी मुलगी सई, वय वर्षं अकरा, जन्म दुबईचा, ही त्यांची एकमेव अनुयायी. आम्ही मराठीत बोलावं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, हा घरचा रिवाज. पण सुट्टीच्या सकाळी मी न उठवता ती उठे, केशरी टी-शर्ट घालून मामाआजोबांच्या शेजारी मांडी घालून बसे आणि दोघं मिळून, अक्षरही न कळणारं जपानी गाणं टाळ्यांवर म्हणत. तिला तिथे सोडून मी खुशाल पेपर वाचत बसे. आता वाटतं, जरा त्यांच्यात बसून बघायला हवं होतं.

मग मामांची साठी आली. कंपनीनं एक वर्षाचं एक्स्टेन्शन देऊ केलं. मामींना ते नको होतं. मामी म्हणजे करामातल्या त्या दोन खोल्यांत तीस वर्षं बिनतक्रार राहिलेली बाई. पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवलेला, कुलूपबंद. त्याच बिल्डिंगमध्ये खाली सख्खी बहीण. गुडघे बोलायला लागलेले. "अहो, आता खलास," त्या म्हणाल्या. "चला घरी." मामांना नाही म्हणवेना आणि हो म्हणायला तोंड उघडेना. शेवटी त्यांनी त्यांना शोभेलसा तोडगा काढला. "या हंगामात आपले वर राहिले तर आपण आणखी एक वर्ष राहू. खाली गेले तर चंबूगबाळं आवरू." मामींनी क्लबचा आजवरचा पराक्रम आठवला आणि ताबडतोब कबूल केलं. सई माझ्या कानात म्हणाली, "बाबा, दे हॅव टु विन!" खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. ते घर गेलं तर आमचे शनिवार-रविवार कुठे जाणार होते?

फेब्रुवारीत हंगाम सुरू झाला आणि मामींच्या चेहऱ्यावर तेज आलं. दर आठवड्याला सईला विचारायच्या, "काय गं, कितवे?" सई तोंड पाडून सांगे, "सेकंड लास्ट." "अरे वा!" आणि मामी शिरा करत. क्लब हरला की शिरा, असा नियमच पडला, आणि जूनपर्यंत आमची सगळ्यांची वजनं वाढली. पण पैजेवर लक्ष ठेवायचं म्हणून मामी टीव्हीपुढे बसू लागल्या होत्या, आणि तिथेच घोळ झाला. "तो सात नंबरवाला किती वाळलाय हो! जेवायला घालतात की नाही त्याला?" हे जुलैत. ऑगस्टमध्ये सात नंबरचा पाय मुरगळला, तेव्हा त्या दिवशी हरूनही शिरा झाला नाही. सप्टेंबरात मी त्यांना देवापुढे पुटपुटताना ऐकलं, "त्यांना हरव बाबा, पण त्याचा पाय बरा कर."

शेवटची मॅच नोव्हेंबरातल्या रविवारी, आमच्या सकाळी नऊला. हिशोब सोपा होता. जिंकले तर राहिले, नाहीतर खाली. मामा पांढऱ्या शर्टात, सई केशरी टी-शर्टात, मी पेपर न उघडता. मामी पोह्यांची ताटली हातात धरून मागे उभ्या, अगदी तटस्थ. आपल्यांनी एक गोल खाल्ला, मग एक फेडला. मिनिटं संपत आली. दहा मिनिटं राहिली तेव्हा सात नंबर मैदानात उतरला, पायाला पट्टी बांधून. मामा नुसते गुडघे चोळत होते. अगदी शेवटी बॉल त्याच्याकडे आला, समोर एकटा गोलकीपर, आणि हा पठ्ठ्या थबकला. तेवढ्यात आमच्या मागून आवाज फुटला, "मार! अरे मार ना मेल्या, बघत काय बसलास!"

त्यानं मारला. गोल!

ताटली उडाली. पोहे गालिचाभर झाले. सई सोफ्यावर नाचत होती, मी मामांना मिठी मारली, आणि मामी बोलणारे गुडघे विसरून टाळ्या पिटत होत्या, "गेला, गेला, आत गेला!" मग त्यांच्या टाळ्या थांबल्या. आपण काय ओरडलो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्या हळूच खुर्चीवर टेकल्या, पदरानं तोंड पुसलं आणि हसून म्हणाल्या, "चला. राहिलो म्हणजे आपण." त्या हसत होत्या, पण डोळे भरले होते. ते मी पाहिलं, आणि मामांनीही.

टीव्हीत खेळाडू रांगेनं वाकले. मामाही उठून वाकले, नेहमीसारखे. मग पिशवी आणून ते गालिच्यावरचे पोहे वेचायला बसले. मान वर न करता म्हणाले, "जावईबापू, कार्टन किती लागतील हो?"

"कसले कार्टन?"

"सामानाचे. पुण्याला न्यायला."

"अहो मामा, जिंकलो आपण!"

"ते जिंकले. वर राहिले, खलास, माझं काम झालं." त्यांनी पोह्यांतला एक शेंगदाणा वेचला. "ही आज स्वतःच्या विरुद्ध गोल मागून बसली हो. तीस वर्षांत मी एकदा तरी हिच्या बाजूनं ओरडलोय का?"

मामी म्हणाल्या, "अहो, उगाच काहीतरी बोलू नका," आणि उठून आत गेल्या. आत बराच वेळ नुसता नळ वाहत होता. सई मात्र भडकली. "दॅट्स नॉट फेअर! वुई वन!" तिचं बरोबरच होतं. मामा तिच्यासमोर उभे राहिले आणि कमरेत वाकले, हरलेल्या खेळाडूसारखे. सई त्यांना बिलगून रडली.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीला आम्ही पुण्याला गेलो. घर छान लागलं होतं. मामी बहिणीकडून वर येता येता जिन्यातच भेटल्या, जरा अंगानं भरल्या होत्या. मामांनी बिल्डिंगमधल्या सगळ्यांना कचऱ्याच्या पिशव्या वाटल्या होत्या आणि सेक्रेटरी त्यांना पाहून रस्ता बदलतो असं कळलं. आपले अजून दुसऱ्या दर्जाच्याच लीगमध्ये आहेत आणि अजून तळालाच आहेत. हॉलमध्ये पाऊल टाकलं तर समोर तीच दोन घड्याळं. मी चिडवायला तोंड उघडणार, तेवढ्यात सई म्हणाली, "मामाआजोबा, युअर जपान क्लॉक इज राँग."

खरंच चुकीचं होतं. एकात अकरा वाजले होते आणि दुसऱ्यात साडेनऊ. जपान काही पुण्याच्या मागे नाही.

मामा उगाचच चष्मा पुसायला लागले. उत्तर मामींनी दिलं. "जपानचं नाही गं ते, तुमचं आहे. जपानची वेळ ह्यांना आता तोंडपाठ आहे. दिवसभर त्याच्याकडे बघून चाललेलं असतं, आता सईची बस आली असेल, आता जावई ट्रॅफिकमध्ये अडकले असतील. सेल संपला की आधी त्यात घालतात, इथलं बंद पडलं तरी चालतं."

सईनं भिंतीकडे पाहिलं, मग मनगट वर केलं. तिच्या हातातलं घड्याळ तिनं अजून पुण्याच्या वेळेला लावलंच नव्हतं. दोन्ही नीट ताडून पाहिली आणि ती चक्क मराठीत म्हणाली, "बरोबर आहे मामाआजोबा. एक मिनिट पण मागे नाही."