फणीचे रविवार

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि दर सोमवारी वर्गातल्या मुलांची नखं तपासते. दोन्ही हात पुढे, बोटं पसरलेली, आधी उलटे मग सुलटे. वीस वर्षं हे चाललंय. त्यामुळे अकरावीतल्या माझ्या लेकीच्या काळ्या टॉपवर खांदाभर पांढरा कोंडा दिसला, तेव्हा मला काळजी वाटायच्या आधी राग आला. दिव्याखाली अंधार म्हणतील लोक, हे पहिलं मनात आलं. खोटं कशाला लिहू?

मग मी त्या कोंड्याच्या हात धुऊन मागे लागले. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत, दर रविवारी सकाळी, ती पाटावर आणि मी मागे खुर्चीत. लिंबू झालं, आंबट दही झालं, कडुनिंबाचा पाला झाला, शेजारणीनं सांगितलेला कांद्याचा रस झाला. आणि हातात फणी, उवांसाठी असते ती बारीक दातांची. पापुद्रे जाड आणि चिकटून बसलेले असायचे. मी ते कडेनं उचकटायची. एक मोठा निघाला की मला फार बरं वाटायचं. खाली लाल कातडी दिसायची, कधी रक्ताचा ठिपका. "आई, दुखतंय," ती म्हणायची. "घाण निघताना दुखणारच," मी म्हणायची. घरात कुणाला लागू नये म्हणून तिचा टॉवेल वेगळा केला आणि ओळखू यावा म्हणून त्याच्या कोपऱ्याला हिरवा दोरा शिवला.

दोन महिन्यांत ते सगळं कपाळाच्या कडेपर्यंत उतरलं आणि लेक दुखतंय म्हणायचीही थांबली. यायची, बसायची, मान खाली घालायची.

शेवटी शनिवार पेठेतल्या एका त्वचेच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. जाताना मी हुशारी केली. आदल्या रविवारी निघालेले पापुद्रे कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये टाकले, बाईंना दाखवायला.

बाईंनी डोक्याला हात लावायच्या आधी तिची कोपरं पाहिली, कानांमागे पाहिलं, मग नखं. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. वीस वर्षं नखं तपासणाऱ्या मला ते कधी दिसले नव्हते.

"कोंडा नाही हा. सोरायसिस आहे," बाई म्हणाल्या. "शरीराची संरक्षणाची व्यवस्थाच चुकते, कातडी गरजेपेक्षा भराभर तयार होते आणि थर साचतात. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आणि अस्वच्छतेशी याचा काही संबंध नाही."

मला तो हिरवा दोरा आठवला. तोवर बाईंनी मागचे केस वर उचलले होते.

"हे कुणी खरवडलंय?"

बाईंनी केस आणखी बाजूला केले.

"या आजारात खरवडलं की तिथेच नवा चट्टा उठतो. आणि हे काही एक-दोनदा झालेलं नाही. कुणी केलं?"

बोलायला हवं होतं, पण मी पर्स मांडीवर घट्ट धरून ठेवली.

"मीच," लेक म्हणाली. "खाज येते म्हणून. नखांनी."

बाईंनी तिची बोटं पुन्हा हातात घेतली. "या नखांनी? ही तर कुरतडून संपवली आहेस तू." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लेकीनं पाहिलं नाही. ती मला वाचवत होती, की मी तिची आई असल्याची तिला लाज वाटत होती, मला समजेना. मी पुडी काढून टेबलावर ठेवली.

"मी केलं. फणीनं."

बाईंनी पुडीला हातसुद्धा लावला नाही. "ती घरी न्या. असलं आमच्याकडे भरपूर जमतं," म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

आधी औषधी तेल लावून थर मऊ करायचे, ते आपले आपण सुटू द्यायचे. मग डांबराचा शाम्पू. मग भांग पाडत पाडत, केसांना नव्हे तर थेट कातडीला, स्टेरॉइडचं लोशन. सांगितलेले दिवसच लावायचं, मनानं वाढवायचं नाही आणि एकदम सोडायचंही नाही. "हा कायमचा जात नाही, पण आटोक्यात राहतो. महिन्यानं बघू. यानं भागलं नाही तर प्रकाशाचे उपचार आहेत, आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या आहेत. पण गोळ्यांना सारख्या रक्ताच्या तपासण्या लागतात. सोळा वर्षांच्या मुलीला इतक्यात तिथवर न्यायचं नाही मला. मागे हिचा हात नीट पोचणार नाही. कुणीतरी लावून द्या."

कुणीतरी, असं म्हणाल्या. आईनं, असं नाही म्हणाल्या.

घरी आल्यावर लेकीनं बाटली घेतली आणि बाथरूमची कडी लावली. मी फणी फेकून दिली. टॉवेलचा दोरा उसवला. उसवताना तिनं पाहिलं आणि आत निघून गेली. रोज मी दाराबाहेरून विचारायची, "मी लावू का?" आतून "नको." नवऱ्यानं एकदा प्रयत्न केला, तर चष्मा लावूनही लोशन सगळं केसांनाच. तीन आठवड्यांत पुढची बाजू चांगलीच निवळली. मागे मात्र लोशन मानेवर ओघळून जायचं आणि चट्टा जिथल्या तिथे. दाखवायला जायला आठवडा उरला होता. माझ्यामुळे तिला गोळ्यांपर्यंत जावं लागणार, हाच विचार डोक्यात घोळत होता.

त्या रविवारी सकाळी मी गॅलरीत मेथी निवडत बसले होते. ती बाटली घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"मागचं मला जमत नाहीये."

मी घाईनं उठायला लागले.

"थांब. नखं दाखव."

मी मेथी बाजूला ठेवली. दोन्ही हात पुढे केले, बोटं पसरली, आधी उलटे मग सुलटे. तिनं एकेक बोट धरून सावकाश तपासलं. उजव्या अंगठ्यापाशी थांबली.

"हे काप."

मी नेलकटर आणायला आत गेले. कापून परत आले तेव्हा ती पाट घेऊन बसली होती, माझ्या खुर्चीकडे पाठ करून, मान खाली घालून.