बंद करू नका

नामूअण्णांच्या गॅरेजात गाडी नेली की माणूस सवयीनं किल्ली फिरवायला जायचा आणि आतून ओरडा यायचा, "बंद करू नका!" गिऱ्हाईक दचकायचं. मग अण्णा कपबशी घेऊन बाहेर यायचे, गाडीकडे पाठ करून स्टुलावर बसायचे आणि चहा पीत ऐकायचे. डोळे रस्त्यावर, कान मागं. कुणी काय बिघडलंय ते सांगायला लागलं की बशी वर करून त्याला गप्प करायचे. "तुमी थांबा. आदी तिला बोलू द्या." चहा संपला की उठून बॉनेटवर तळहात ठेवायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मगच पाना मागायचे.

ते मूळचे पलूसकडचे. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात उमर घालवली आणि पेन्शनीत निघाल्यावर सांगलीत, आमच्या घराच्या मागच्या रस्त्याला, गॅरेज टाकलं. अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. मेकॅनिकच्या शर्टाला डाग पडला म्हणजे त्याचं काम कच्चं, असं त्यांचं मत होतं, आणि मत देताना कुणी मागायची वाट ते बघत नसत. नम्रपणाशी त्यांचा काही संबंध नव्हता. "कर्नलसायबाला गाडीतनं खाली उतरवलंय मी," हे वाक्य सांगलीत ऐकलं नसेल असा गाडीवाला सापडणं अवघड. कशासाठी उतरवलं होतं, ते मात्र दर वेळी बदलायचं.

आमच्या ह्यांची आणि त्यांची मैत्री म्हणजे रोजचं भांडण होतं. ह्यांची पाण्याच्या पाइपांची एजन्सी होती. जतपासून खंडाळ्यापर्यंत फिरती असायची, आणि त्यासाठी घेतलेली एक जुनी पांढरी गाडी. ही गाडी पळताना झकास पळे. उभी राहिली की मात्र धडधडायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. ह्यांनी त्यावर स्वतःच इलाज काढला. चोकचा खटका बाहेर ओढायचा आणि तो आत जाऊ नये म्हणून त्याला माझ्या धुण्याच्या दोरीवरचा लाल चिमटा लावायचा. चोक ओढलेला असला की गाडी बंद पडत नसे, पण उभ्या जागी गुरगुरत राही. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर ती वळली की माझ्या स्वयंपाकघरातली भांडी थरथरायची.

अण्णांना तो चिमटा दिसला की त्यांचा पारा चढायचा. "सायेब, चिमटा धुन्याला लावत्यात, गाडीला न्हाई. एक दिवस द्या मला. मुळातनं काढतो." हे हसायचे आणि "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायचे. तो पुढचा महिना कधी आला नाही.

ह्यांना जायचं होतं साताऱ्याला, बहिणीकडे. त्या दिवशी का कोण जाणे, गाडी घरी ठेवून एस.टी.नं गेले. तिथंच जेवून उठताना छातीत कळ आली आणि गेले. फोन शेजारच्यांकडे आला. मला आठवतं ते एवढंच, की त्या संध्याकाळी मी कसलाही आवाज ऐकायला थांबले नव्हते. एस.टी.नं येणाऱ्या माणसाचा काय आवाज येणार?

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. मी मात्र कुठंच नव्हते. बायका म्हणायच्या, रड गं, मोकळी हो. रडू येत नव्हतं. भूक लागत नव्हती, वाईटही वाटत नव्हतं. दिलेलं खात होते, सांगितलं तिथं बसत होते. तेरावा झाल्यावर पाहुण्यांची अंथरुणं धुतली, चिमटे कमी पडले, तेव्हा मी गाडीतला लाल चिमटा काढून आणून दोरीला लावला. तेही काही न वाटता.

त्यानंतर धाकट्या दिरांनी, सुधीरभाऊजींनी, गाडी सुरू केली तर ती दोन आचके देऊन बंद पडली. पुन्हा केली, पुन्हा तेच. "कार्बोरेटर गेला, वहिनी," ते म्हणाले. "गाडी विकून टाकू. एकजण बघायला येणार आहे. तेवढ्यापुरती चालू राहिली म्हणजे झालं." मी मान हलवली. गाडी काय, कपाट काय, मला सगळं सारखंच होतं. त्यांनी अण्णांना घरी बोलावलं आणि सांगितलं, नुसता स्क्रू पिळून रेस वाढवून द्या.

अण्णा फाटकातूनच म्हणाले, "भाऊ, ते काम मी करत न्हाई. स्क्रू शेवटाला. आदी रोग." मग माझ्याकडं वळले. बाकी सगळे माझ्याशी जपून, हळू आवाजात बोलायचे. हे नेहमीसारखेच खेकसले, "वैनी, या हिकडं. गाडीत बसा. पायानं थोडी रेस धरून ठीवा. आनि बंद करू नका."

मला गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी दाखवलं तिथं पाय ठेवून बसले. ते पायरीवर पाठ करून बसले, चहा घेतला, ऐकलं. उठून बॉनेट उघडलं, वरचं झाकण काढलं आणि "आता पाय काढा" म्हणाले. गाडी आचके द्यायला लागली. बंद पडणार, तेवढ्यात त्यांनी कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरला. इंजिन सावरलं. हात काढला, पुन्हा आचके. "तोंड दाबलं की बरी चालतीया. म्हंजी कुटनं तरी जादा हवा ओढतीया," ते म्हणाले. मग तेलाच्या कुपीनं कार्बोरेटरच्या बुडाशी, जिथं तो इंजिनवर बसतो, तिथं कडेकडेनं थेंब सोडत गेले. एका कोपऱ्यावर तेल पडलं आणि क्षणभर गाडीचा सूर एकदम सरळ झाला.

"ऐकलासा?"

मी ऐकलं होतं. कितीतरी दिवसांत मी ऐकलेली ती पहिली गोष्ट होती.

"बुडाचं पॅकिंग गेलंय. कार्बोरेटर चांगला हाय. दुसरं पॅकिंग कापतो, बूड घासून सपाट करतो, झालं." एवढं बोलून अण्णा थांबले. त्यांना थांबताना मी कधी पाहिलं नव्हतं. भाऊजी फोन करायला शेजारी गेले होते. अण्णा फडक्यानं हात पुसत राहिले, हात स्वच्छ असताना.

"वैनी, येक इचारायचं हाय. ही दुरुस्त झाली की गप व्हनार. उभी ऱ्हायली तर कळनार बी न्हाई. त्यो आवाज जानार. मी सायबांस्नी कवापास्नं म्हनत हुतो. त्ये म्हनायचं, 'अण्णा, कोपऱ्यावर गाडी वाजली की घरात चहा चढतो. आवाज घालवलात तर मला चहा कोण देणार?' म्हनून चिमटा. तवा इचारतो. करू, का ऱ्हाऊ दिऊ?"

खरं होतं. भांडी थरथरली की मी आधण ठेवत असे, आणि हे बूट काढून आत येईपर्यंत चहा कपात असे. मला वाटायचं, ह्यांच्या ते ध्यानातही नसेल. इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलले नव्हते.

अण्णांनी दोरीवरून लाल चिमटा काढला. "तुमी आत जावा," म्हणाले, आणि गाडी घेऊन निघून गेले.

मी ओट्यापाशी उभी राहिले. थोड्या वेळानं कोपऱ्यावर तो आवाज आला. भांडी थरथरली. माझा हात आपोआप पातेल्याकडे गेला, पाणी ओतलं, गॅस पेटवला, साखर घातली. आवाज दारापर्यंत आला आणि तिथंच गुरगुरत राहिला. पावलं वाजली नाहीत. अण्णा गाडीतच बसून होते, आणि त्यांनी ती बंद केली नाही.

मी रडले नाही. चहा गाळला, दोन कप घेऊन बाहेर गेले आणि म्हणाले, "करा दुरुस्त. पण विकायची नाही. मला शिकायची आहे."

"शिका की," ते म्हणाले. "फक्त चिमटा वापरायचा न्हाई." सुधीरभाऊजी परत आले तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. गिऱ्हाईकाला त्यांनी कसं परतवलं ते मी विचारलं नाही.

गाडी गप झाली. शिकताना मी ती फाटकावर घातली, एकदा नारळाच्या झाडावरही. अण्णा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले. पुढे एजन्सी मीच सांभाळली, जतला एकटी जाऊन येऊ लागले. दर थोड्या दिवसांनी गाडी त्यांच्या दारात न्यायची, बंद करायची नाही, आणि त्यांनी पाठ करून चहा प्यायचा. "बरी हाय," एवढंच म्हणायचे. गाडीकडे न बघता.

मग त्यांनीच गॅरेज आवरलं आणि गावी गेले. एका उन्हाळ्यात ते वारल्याचं कळलं. मी गाडी काढली आणि पलूसच्या पुढं त्यांच्या गावी गेले. दारात गाडी थांबवली, उतरले, उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले, तेव्हा कुठं त्यांच्या बायकोनं, मावशींनी, मान वर केली. "आवं वैनी, कवा आलासा? गाडीचा आवाज आला न्हाई." आम्ही दोघी बराच वेळ बसलो. मला तेव्हाही काही वाटत नव्हतं. आपलं आता हे असंच, असं मी धरून चालले होते.

दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. नुसतीच उठले. मावशी गाडीपर्यंत आल्या. मी बसले, किल्ली फिरवली. त्या गाडी सुरू व्हायची वाट बघत उभ्या राहिल्या. मग पुढं होऊन त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, अगदी अण्णांसारखा.

"चालू हाय व्हय ही?"

"आहे," मी म्हणाले, आणि मला हुंदका फुटला. ह्यांच्यासाठी होता की अण्णांसाठी, मला आजही सांगता येणार नाही. काही दिसेना. मी चाचपडत किल्लीकडे हात नेला.

मावशींनी खिडकीतून माझं मनगट धरलं.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "बंद करू नका."