फेटा बांधलेली फोटोवाली

"लग्नाआधी फोटो कशाला गं, लीलाबाई?" असं गावात कुनी इचारलं, की माझं डोस्कं फिरतं. आवं, कशाला म्हंजे? बसा हितं, सांगते.

सांगलीत सुमैराचा फोटो स्टुडिओ हाय. तिचे वडील रसूलभाई डोळ्यांनी अधू झाले, तवा पोरीनं कॅमेरा गळ्यात घातला. नातेवाईक म्हनले, बाईमानूस मांडवाच्या गर्दीत शिरनार व्हय? ती शिरली. आता भल्याभल्या पावन्यांना दम देऊन बाजूला सारती. तोंडाची फटकळ, पन कामाला वाघ.

माझ्या विश्वजीतचा साखरपुडा झाला, तवा तिनं आमच्या मालकांना, हंबीररावांना, तोंडावर सांगितलं, "काका, लग्नाआधी एक दिवस नवरा-नवरी माझ्या ताब्यात पाहिजेत. मांडवात कुणी मला धड उभं राहू देत नाही. आधी माणूस ओळखू दे, मग फोटो."

"नसती थेरं!" मालक म्हनले. पन होनारी सून सृष्टी हटूनच बसली. ती साताऱ्यासनं आली, आन् मी राखनीला गेले.

कृष्णेच्या घाटावर दोघं उभी राहिली. सुमैरानं छत्री लावलेला मोठा दिवा मांडला, बटन दाबलं. फाडकन उजेड पडला, आन् माझं पोरगं मटकन खाली बसलं. डोकं दोन्ही हातांत धरून थरथरत व्हतं. आगं आई गं, माझा जीवच गेला! मिलिटरीतला गडी वो माझा!

सृष्टी त्याच्याजवळ पायरीवर बसली, हात धरला. सुमैरानं दिवा पिशवीत कोंबला आन् म्हनली, "ऊन झकास पडलंय, दिव्याचं कामच नाही." मग विश्वजीत हळूहळू सांगाय लागला. ड्युटीवर गाडीजवळ स्फोट झालता. शेजारचा जोडीदार गेला, ह्यो वाचला. तवापासनं एकदम उजेड पडला, धडाका झाला, की अंग ऐकत न्हाई.

"आई, आबांना सांगू नको. त्यांची मान खाली जाईल." आबा म्हंजे आमचे मालक.

आता खरी पंचाईत. अक्षता पडल्या की उडवायला मालकांनी पोतंभर सुतळी बॉम्ब आनून ठेवलेले. समद्या गावासमोर पोरगं बोहल्यावर तसंच खाली बसलं असतं तर?

सुमैरा थेट घरी आली. "काका, फटाके लावायचे नाहीत. धुरानं माझे फोटो खराब होतात. लावणार असाल तर दुसरा फोटोवाला बघा." मालक लय तापले, पन फोटोवाली गेली तर सून रुसंल म्हनून पोतं माळ्यावर टाकलं.

लगीन लागलं. सुमैरानं दिवा पिशवीतनं काढलाच न्हाई. शेवटचं सावधान झालं, अक्षता पडल्या, नुसत्या टाळ्या आन् सनई. विश्वजीत ताठ उभा, मान वर. घाटावर दिवसभर कॅमेऱ्यासमोर राहून दोघं इतकी मोकळी झालती, की सृष्टी नवरी असून खदाखदा हसली. मला तर आभाळ ठेंगनं झालं!

पन पंगतीत लोकांनी सुमैराला धारेवर धरलं. "फोटोवालीनं लगीन मुकं केलं!" मालक बी त्यांच्यातच. "हिच्यापायी माझ्या फौजी पोराचं लगीन मुकाट लागलं," म्हनले. ती हसत फोटो काढत राहिली. माझी जीभ वळवळत व्हती, पन पोराला शब्द दिलेला.

तवा विश्वजीत उठला. "आबा, तिला बोलू नका. फटाके माझ्यापायी बंद झाले." आन् भर पंगतीत त्यानं समदं सांगितलं.

मालक पोराजवळ गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मरनाच्या दारातनं परत आलास, आन् मान माझी खाली जाईल व्हय रं?" मग त्यांनी डोईवरचा फेटा काढला आन् सुमैराच्या ओढनीवर ठेवला. "आन हिकडं तो कॅमेरा. आज तुझा फोटो मी काढनार."

फोटो वाकडा आलाय. कोपऱ्यात मालकांचं बोट बी दिसतंय. सुमैरानं तोच मोठा करून स्टुडिओच्या दारात लावलाय. कुनी काढला म्हनून गिऱ्हाईकानं इचारलं, की सांगती, "माझ्या काकांनी."