सही लागू नये म्हणून

चिखलीतल्या आमच्या सोसायटीची मी अध्यक्ष होते तेव्हा साठीची होते, म्हणजे अक्कल यायच्या आधीची. कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवलेला, त्यामुळे तो आपल्याला कळतो असा एक गैरसमजही होता.

वरच्या मजल्यावर एक मुस्लिम कुटुंब भाड्याने राहायचं. नवऱ्याचं दुचाकींचं गॅरेज होतं, बायको घरी बसून बी.ए. करत होती. करार अकरा महिन्यांचा. दर वेळी तो नवा करताना सोसायटीचं ना-हरकत पत्र लागे, आणि त्यावर सही माझी. काही सभासदांना ते कुटुंब नकोच होतं. मी मात्र झोकात सही करायचे आणि वर म्हणायचे, "मी आहे तोवर तुम्हाला कोणी हलवणार नाही." हे वाक्य मला इतकं आवडायचं, की एकदा आरशासमोरही म्हणून पाहिलं होतं.

परीक्षेआधी ती युरोपच्या इतिहासाचं पुस्तक घेऊन खाली आली. मी मांडी घालून सुरू झाले. सोळाव्या-सतराव्या शतकात कितीतरी राजांनी ज्यू लोकांना संरक्षणाची पत्रं दिली. इथे राहा, व्यापार करा, तुमच्या पद्धतीने प्रार्थना करा. गावाने त्रास दिला तर राजा बघून घेईल. "केवढं औदार्य," मी म्हणाले.

तिने पेन खाली ठेवलं. "आणि राजा मेला की?"

"नव्या राजाकडून पत्र पुन्हा करून घ्यायचं."

"त्याने नाही दिलं तर?"

"तर निघायचं. काही ठिकाणी निघावं लागलंच."

"म्हणजे राजाला सर्दी झाली तरी यांच्या घरात चूल पेटत नसेल," ती म्हणाली. मग हळूच, "मॅडम, तुमची मुदत दिवाळीनंतर संपते ना?"

तीस वर्षं मी ते औदार्य मुलांना उतरवून दिलं होतं. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, मलाही पडला नव्हता. मी म्हटलं, "मग मी पुन्हा उभी राहते." राजाला दुसरं काय सुचणार?

"नको मॅडम. सहीच लागू नये असं काहीतरी करा."

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. मी ठराव मांडला: भाडेकरू ठेवताना ना-हरकत पत्र नको, मालकाने सोसायटीला नुसतं कळवावं. पुढचे अध्यक्ष होऊ पाहणारे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, जाता जाता अधिकार कापून चाललात की."

"माझेच कापतेय, भाऊ. तुमचे अजून आलेत कुठे?"

लोक हसले. फ्लॅट भाड्याने देणाऱ्या मालकांना माझ्या दाराशी खेटे घालायचा कंटाळा आलाच होता. त्यांचे हात आधी वर गेले, मग बाकीच्यांचे. ठराव पास झाला.

ते गृहस्थ अध्यक्ष झाले. करार संपायची वेळ आली, गेली. सही मागायला ती कोणाकडेच गेली नाही, माझ्याकडेही नाही. खोटं कशाला बोलू, मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग एका सकाळी जिन्यात धडधड ऐकून दार उघडलं, तर नवरा-बायको एक भलंमोठं लोखंडी कपाट वर चढवत होते. इतकी वर्षं त्यांचा संसार बॅगांत आणि खोक्यांत होता. मला असं काही हायसं वाटलं, की मी तिथेच पायरीवर बसले.

"मॅडम, वाटेत नका बसू," ती धापा टाकत म्हणाली.