भिंतीपलीकडची उलटसुलट चीज

"तुम्हाला विचारलं कुणी?" असे म्हणून शेजारचे मास्तर खिडकी लावून घेत. लावून घेत म्हणजे आपटत. नांदेडच्या आमच्या गोदाकाठच्या गल्लीत या वाक्याचा प्रसाद ज्याला मिळाला नाही, असा गृहस्थ नसावा. दूधवाल्याने "मास्तर, तब्येत बरी हाय ना?" म्हटले, तरी उत्तर हेच. तुमच्याही शेजारी असे कोणी राहून गेले असेल, तर पुढचे समजायला वेळ लागणार नाही.

उमेदीची वर्षे त्यांनी हैदराबादच्या वाद्यवृंदांत घालवली होती. परतले ते मारिंबा नावाचे एक प्रचंड वाद्य घेऊन. लांब मेजासारखी चौकट, तिच्यावर ओळीने मांडलेल्या लाकडी पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीखाली एक पोकळ नळी. दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या, टोकांना सुताचे गोळे. त्या चार काठ्या पडू लागल्या की लाकूड पाण्याखालून बोलावे तसे बोले. वाद्य सुरेल होते हे मला मान्य आहे. माणसाविषयी तसे म्हणता येत नाही.

त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. स्नानसंध्या आटोपून मी रोज सकाळी त्या भिंतीशी पाटावर बसून घनपाठ करतो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घनात मंत्राची दोन पदे सरळ म्हणायची, मग उलट. मग तिसरे पद जोडून तिन्ही सरळ, तिन्ही उलट आणि पुन्हा सरळ. अशा रीतीने पूर्वजांनी एकही अक्षर सांडू न देता वेद आमच्या मुखापर्यंत आणला. मास्तरांचे यावरील भाष्य भिंतीतून येई. "गुरुजी, एकच गोष्ट उलटीसुलटी काय करून राहिले? देवाला पहिल्यांदा कळत न्हाई काय?"

एके सकाळी माझा पाठ संपला आणि पलीकडे मारिंबा सुरू झाला. दोन स्वर सरळ, मग उलट. मग तिसरा जोडून सरळ, उलट, सरळ. मी पाटावरून उठलो आणि तसाच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"हे माझ्या पाठाचे वळण आहे," मी म्हणालो.

"शब्द तुमचे. ते ठेवा तुमच्यापाशी. जाणं-येणं कुणाच्या बापाचं हाय?" त्यांनी काठ्या खाली ठेवल्या नाहीत. "एकट्यानं वाजवायची चीज बांधून राहिलो. जन्मात एकच बांधणार."

पुढे त्यांनी गल्लीतल्या मंदिराच्या समितीकडे वाजवायला सभामंडप मागितला. आयुष्यात त्यांनी कोणाकडे काही मागितल्याचे माझ्या ऐकिवात तेवढे एकच. त्यांचे म्हणणे असे की, खर्जाचे स्वर घरात मरतात. दगडी छताखाली वाजवल्याशिवाय चीज पुरी होत नाही. समितीने माझे मत विचारले. मी नकार दिला. मंत्रातून अक्षर काढून नुसती वळणे देवापुढे मांडणे मला अविनय वाटला. आजही वाटतो.

संध्याकाळी ते माझ्या अंगणात आले. "तुम्हाला विचारलं कुणी?"

"समितीने."

"मग मरू द्या तिला घरातच," ते म्हणाले आणि माझे फाटक उघडे टाकून गेले.

त्यानंतर ते नेमके माझ्या पाठाच्या वेळी वाजवू लागले. मी स्वर चढवला की ते काठ्यांचा जोर वाढवीत. त्यांच्या मुलीने लातूरहून येऊन एकदा सुचवले की निदान फोनवर तरी चीज ध्वनिमुद्रित करावी. "डबीत घालाया लोणचं हाय का ते?" असे म्हणून त्यांनी तिला गप्प केले. कागदावरही काही लिहिले नाही. जे धारण करायचे ते स्मरणात, ही माझ्याही गुरूंची शिकवण. एवढ्या एका बाबतीत आमचे एकमत होते, आणि त्याचा मला अतिशय राग येई.

मग एका सकाळी, उलट फिरताना, त्यांचा तिसरा स्वर गळला. ते तसेच पुढे गेले.

आमच्या पाठशाळेत पद गळले की गुरुजी बोटाचे पेर पाटावर आपटत. चूक जागच्या जागी सावरता येत नसे. त्या घनाच्या आरंभी परतावे लागे. माझा हात आपोआप उठला आणि मी भिंतीवर पेर आपटले. पलीकडे काठ्या थांबल्या. खिडकी आपटण्याची मी वाट पाहिली. थोड्या वेळाने पहिले दोन स्वर पुन्हा आले. आरंभापासून.

हळूहळू हे वाढत गेले. आज तिसरा स्वर, उद्या सबंध वळण. गल्लीत गाठ पडली तेव्हा ते म्हणाले, "भिंतीवर काय ठोकून राहिले? माझ्याकडं चुना पडतो."

"मग चुकू नका."

"तुम्हाला विचारलं कुणी?"

मात्र दुसऱ्या दिवसापासून माझा पाठ संपल्यावाचून त्यांनी वाजवायला घेतले नाही.

ते घराची वाट विसरू लागले तेव्हा मुलगी न्यायला आली. मारिंबाच्या पट्ट्या, ओवलेल्या दोरीसकट चटईसारख्या गुंडाळून, टेम्पोत चढल्या. पुढच्या बाकावर बसलेल्या मास्तरांनी मला जवळ बोलावले. "माझी चीज तुमच्या कानात राहिली, गुरुजी. लई वाईट जागी राहिली."

"माझ्याही कानाचे दुर्दैव," मी म्हणालो. टेम्पो निघून गेला.

काही दिवसांनी लातूरहून तिचा फोन आला. "काका, बाबा वाजवता वाजवता थांबतात अन् भिंतीकडं बघत बसतात. पलीकडं कुणी न्हाई, नुसता मोकळा प्लॉट हाय." तिने फोन वाद्याजवळ धरला. मी माझा फोन पाटावर ठेवला. दोन स्वर सरळ, दोन उलट. मग तिसरा गळला. मी पाटावर पेर आपटले.

"तुम्हाला विचारलं कुणी?" त्यांचा आवाज आला, तसाच खरखरीत.

"तुम्हीच, बाबा," मुलगी हळूच म्हणाली.

मग आरंभापासून सुरू झाले. मी पुनःपुन्हा पेर आपटले, ते पुनःपुन्हा परतले, आणि अखेरीस चीज टोकापर्यंत गेली. तिचा शेवटचा स्वर सर्वांत खालच्या पट्टीचा. तो फोनमधून आलाच नाही. मला तो भिंतीमुळे ठाऊक होता, म्हणून ऐकू आला.

"झालं. ठेवा आता," ते म्हणाले.

तो फोन पुन्हा आला नाही. आली ती ते गेल्याची वार्ता. सभामंडपाविषयीचे माझे मत मी बदललेले नाही. पण दुपारी तिथे कोणी नसताना बसलो, की कान आपण होऊन छताकडे लागतो, आणि तो खालचा स्वर त्या दगडाखाली कुठवर गेला असता याचा शोध घेत राहतो.