सव्वासहा फुटांचा बिछाना

आमच्या घरात कुणी कुणाला काही विचारत नाही, थेट भलं करून टाकतात. माझ्या आत्याचं या घरानं सव्वीस वर्षं भलं केलं. पुढे तिच्या गाडीचंही भलं करायला सगळे निघाले आणि त्यात मीही होते. म्हणून हे लिहितेय, आणि लिहिताना मला राग येतोय, हे आधीच सांगून टाकते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. उंची पाच फूट अकरा इंच. बस बांधणाऱ्या कारखान्यात ती एकतीस वर्षं सीट शिवायची. फोम कापायचा, त्यावर रेक्झिन ताणून बसवायचं, कडा शिवायच्या, की पुढची सीट. तिथं तिला सगळे ‘खांब’ म्हणत आणि तीही त्या हाकेला ओ देत असे. तिनं शिवलेल्या सीटवर किती लोक आरामात घोरत गेले असतील, देव जाणे. ती स्वतः मात्र आमच्या हॉलमधल्या दिवाणावर झोपायची, आणि तो दिवाण होता पाच फुटांचा. कुशीवर वळायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, तशीच सकाळ करायची. पाहुणे आले की दिवाणावर पाहुणे बसत आणि आत्या दाराशी उभी राहत असे. घराचे अर्धे हप्ते तिनं फेडले होते, पण ते कुणाच्या बोलण्यात कधी यायचं नाही.

निवृत्त झाली आणि कुणाला पत्ता लागू न देता तिनं एक जुनं मोटरहोम विकत घेतलं. आत बिछाना, शेगडी, बेसिन असलेली राहायची गाडी. लहान गावांतल्या बसमालकांच्या गाड्यांना फाटक्या सीटा असतात आणि शिवायला माणूस मिळत नाही, हे तिनं कारखान्यात बसून कधीच हेरलं होतं. गाडीत शिवणयंत्र ठेवायचं, गावोगाव कामं घ्यायची आणि गाडीतच झोपायचं, असा तिचा बेत होता. इंजिन ठणठणीत होतं. आतलं सामान मात्र बघवत नव्हतं. बाकांचा फोम दबून चपाट झाला होता, प्लायवूडचे पापुद्रे सुटले होते, कपाटांची दारं सुतळीनं बांधली होती आणि बिछाना मधोमध खचला होता. गाडी घेऊन उरलेल्या थोड्याशा पैशांत हे सगळं बदलायचं होतं.

बाबा घरांची सुतारकामं करतात. त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं आणि लगेच उदार झाले.

“ताई, पैसे कशाला घालवतेस? लोकांच्या कामातलं उरलेलं प्लाय पडलंय माझ्याकडे. आठ दिवसांत नवं करून देतो. एक पैसा नको मला.”

आत्यानं खचलेला बिछाना हातानं दाबून पाहिला. मग म्हणाली, “कर. बाकी तुला हवं ते कर. बिछाना तेवढा सव्वासहा फूट पाहिजे.”

“हो गं, हो.”

आमच्या घरात राहायला आल्यापासून तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू. आणि बाबांनी त्याला दिलेलं उत्तर होतं ‘हो गं, हो’.

पहिल्या कामाची बोलणी करायला आत्या आठ दिवस बाहेरगावी गेली. गाडी आमच्या घराशेजारच्या बोळात उभी होती. आत्या नजरेआड झाली आणि आमच्या घराला सुट्टीची स्वप्नं पडायला लागली. आईला सगळ्यांच्या भांड्यांसाठी मोठं कपाट हवं होतं. दादाची दोन मुलं झोपतील असा उघडणारा बाक बाबांना सुचला. गाडी आत्याची, पैसे आत्याचे आणि सहली आमच्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. मी हे सगळं ऐकत होते, मनातल्या मनात नाकं मुरडत होते आणि मग हळूच म्हणाले, “बाबा, खिडकीपाशी मला एक टेबल होईल का?”

मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. आत्याबरोबर महिना महिना फिरावं, खिडकीपाशी बसून काम करावं, असं मी ठरवून टाकलं होतं. आत्याला अर्थातच विचारलं नव्हतं.

गाडीची ती बाजू साडेआठ फुटांची. टेपचं एक टोक बाबांनी धरलं होतं, दुसरं मी.

“टेबलाला तीन फूट गेले,” बाबा म्हणाले. “बिछान्याला साडेपाच उरतात. पुरतील ना गं?”

“पुरतील,” मी म्हणाले.

मला तिची उंची माहीत नव्हती अशातला भाग नाही. लहानपणापासून माळ्यावरचं सगळं मला तिनंच काढून दिलंय, स्टूल न घेता, नुसता हात वर करून.

बाबांचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास आहे, एक स्वतःवर आणि दुसरा पाणसळीवर. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आल्याशिवाय ते फळीला खिळा मारत नाहीत. घरात हे ठीक आहे, घर जागचं हलत नाही. पण आमचा बोळ उताराचा, त्यात उभी गाडी उताराची, आणि बाबा आतलं एकेक फडताळ बुडबुडा बघून सरळ करत होते. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला ही साधी गोष्ट सुचली नाही. मलाही नाही. मी टेबल कुठल्या रंगाचं करायचं या विचारात होते.

आठव्या दिवशी आत्या आली. शिवणयंत्र कारखान्यातून आणायचं होतं म्हणून तिनं आत नजरही न टाकता लगेच गाडी काढली आणि आम्ही सगळे हौसेनं आत बसलो. कारखान्याचं आवार सपाट, सिमेंटचं. तिथं गाडी थांबली मात्र, कपाटाचं दार आपोआप उघडलं, एक खण बाहेर आला आणि आईची वाटी टेबलावरून घरंगळत खाली पडली. जे उतारावर सरळ होतं ते सगळं सपाटीवर तिरकं झालं होतं. बाबांनी पाणसळ काढून फडताळावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला.

“गाडीच वाकडी आहे!” बाबा म्हणाले.

आत्याबरोबर काम केलेला वेल्डर दारात उभा होता. तो म्हणाला, “नाचता येईना, अंगण वाकडं.” आवारातले सगळे हसले, मीसुद्धा हसले.

आत्या हसली नाही. तिचं लक्ष पाणसळीकडे नव्हतंच, ती बिछान्याकडे बघत होती. चपला काढून ती त्यावर आडवी झाली आणि तिचे तळवे माझ्या टेबलाच्या फळीला टेकले. गुडघे सवयीनं वर आले. ते वर आलेले तिनं पाहिले आणि ती उठून बसली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. आत्याच्या बाबतीत हे अंतर मोठं, म्हणून वेळ लागला, पण गेली.

“हा किती फूट आहे?”

“साडेपाच. पण बघ ना ताई, पाच माणसं झोपतात गाडीत! सुट्टीत सगळे मिळून…”

“मी किती सांगितले होते?”

“अगं, पाऊण फुटासाठी काय घेऊन बसलीस? जरा पाय आत घेतले की झालं. घरी झोपतेसच की.”

“घरी झोपते?” आत्याचा आवाज एवढा चढू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. “सव्वीस वर्षं मी घरी मुटकुळं करून पडतेय. कामावर आले की पहिला तास मला सरळ चालता यायचं नाही. या वेल्डरनं विचारलं, गेटवरच्या वॉचमननं विचारलं, काय झालं म्हणून. तू विचारलंस?”

“तू कधी बोलली नाहीस.”

“बोलले. आठ दिवसांपूर्वी. एकदाच बोलले.”

बाबांचा चेहरा लाल झाला. “फुकट करून दिलं, घाम गाळला, त्याचं हे फळ?”

“भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत केलीस माझी. जा आता. बसनं जा सगळे.”

आम्ही बसनं घरी आलो. बाबा वाटभर पुटपुटत होते. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. एवढं राबलेलं माणूस, त्याला लांबीभर जागा देता येऊ नये! बाबांचा, आईचा, त्या दिवाणाचा, सगळ्यांचा मला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, तो त्या यादीत नव्हता. माझं ते ‘पुरतील’ मी सोयीनं विसरले होते.

आत्या त्या आवारातच राहिली. बाबांनी ठोकलेलं सगळं तिनं स्क्रूड्रायव्हर घेऊन उतरवलं. भंगारात काढलेल्या एका बसच्या सीटांचे लोखंडी सांगाडे तिला जवळजवळ फुकट मिळाले. वेल्डरनं ते जोडून दिले. माप तिनं गाडीच्या जमिनीपासून घेतलं. बुडबुड्याकडे बघितलंच नाही. सीटचा बसायचा फोम मेलेला असतो, पण पाठीचा फारसा दबत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? तिनं चोवीस पाठी सोलल्या, त्यातला फोम पट्ट्या कापून चिकटवला आणि वरून उरल्यासुरल्या रेक्झिनची खोळ शिवली. अर्धी हिरवी, अर्धी तपकिरी. बाबांचं प्लाय एवढं जड होतं, की ते निघाल्यावर गाडीचा मागचा भाग चांगला बोटभर वर आला, असं वेल्डर सांगत होता.

बाराव्या दिवशी तिचे कपडे घेऊन बाबा आणि मी गेलो. दुपारची वेळ होती. आत्या मशीनवर पडदा शिवत बसली होती. बाबांनी गाडीत चढून सगळीकडे नजर फिरवली. एका बाजूला बिछाना आणि पायाशी मशीन. दुसऱ्या बाजूला शेगडी, बेसिन आणि रेक्झिनच्या गुंडाळ्यांचं फडताळ. बाक नाही, भांड्यांचं कपाट नाही.

“अगं, आणि बाकीच्यांनी झोपायचं कुठं?” त्यांनी विचारलं.

“आपापल्या घरी,” आत्या म्हणाली.

मला एवढं हसू आलं की मी पोट धरलं. बाबा तरातरा खाली उतरले. मग मी आत्याशेजारी उकिडवी बसले आणि बारा दिवसांचं सगळं ओकले. बाबा कसे आपमतलबी आहेत, आई कशी मूग गिळून बसते, या घरात तुझी कुणालाच कशी कदर नाही. आत्या पायडल मारत होती. माझं बोलून झालं तेव्हा तिनं दोरा दातानं तोडला.

“संपलं?”

“संपलं. आत्या, मी येऊ का तुझ्याबरोबर? महिनाभरच. मला काही लागत नाही, कुठंही कोपऱ्यात बसेन.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“टेपचं दुसरं टोक तूच धरलं होतंस ना?”

भांडणानंतर बाबांनी तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. मी खाली बघत हो म्हणाले.

“मग तुला माप ठाऊक आहे. तूच सांग, जागा कुठं आहे?”

मी खरोखरच इकडेतिकडे पाहिलं. शोधण्यासारखं काही नव्हतं. तिनं पायानं बिछान्याखालून एक पिशवी पुढे सरकवली.

“तुझं टेबल बाहेर भिंतीला टेकवून ठेवलंय. त्याचे स्क्रू यात आहेत. घेऊन जा.”

मी पिशवी घेतली, बाहेर आले आणि टेबल उचललं. बाबा बस स्टॉपकडे निघाले होते. मी ते टेबल दोन्ही हातांनी धरून त्यांच्या मागोमाग चालायला लागले.