डीपीचं तेल

पोलादपूरजवळच्या सबस्टेशनात मी ऑपरेटर आहे. दर तासाला ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवरची काच बघायची, तेलाची पातळी आणि तापमान वहीत लिहायचं, हे माझं काम. तारांची आतली गुंडाळी थंड राहते ती या तेलामुळे, हे मी शिकलोय. आमच्या कापडे गावात मात्र या डीपीच्या तेलाचा उपयोग एकच, गुडघेदुखी.

"डीपीचं तेल आण रे थोडं," आईने तगादा लावला. "शेजारणीचा पाय बघ कसा सुटलाय."

ते कातडीला वाईट, शिवाय चोरीचं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी महाडच्या बाजारातून तिळाचं तेल आणलं, त्यात कापूर घातला आणि जुन्या बाटलीत भरून डीपीचं म्हणून आईच्या हातात दिलं. पंधरा दिवसांत ती काठी टाकून विहिरीपर्यंत जायला लागली. मी हसावं की रडावं! त्यात तिने ते गावभर सांगितलं.

नेमकी त्याच महिन्यात काचेतली पातळी उतरली. ऑपरेटरच्या घरी तेल जातं, असं कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं. मी त्यांना खरं काय ते सांगितलं, तर म्हणाले, "तिळाच्या तेलाने एवढा गुण?" नशीब, दोन दिवसांत खालच्या व्हॉल्व्हची गळती सापडली आणि प्रकरण मिटलं.

म्हणजे माझ्यापुरतं मिटलं. लेकाची नोकरी जात होती, एवढंच आईच्या कानावर आलं होतं. तिने बाटली फडताळात मागे सरकवली आणि तेल लावणं बंद केलं. आठवड्याभरात काठी परत हातात आली.

मला काही सुचेना. खरं सांगावं तर तेलाचा गुण जाईल, न सांगावं तर ती लावणारच नाही. कुठून ही अवदसा आठवली, म्हणून स्वतःचाच राग आला. चार दिवस असा घोळ घातला आणि मग सांगून टाकलं, "आई, ते बाजारातलं तिळाचं तेल हाय गो. डीपीचं नायच ते."

आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"माज्यासाठी खोटं नको बोलूस रे," ती म्हणाली. "माजं दुखतंय तर दुखू दे. तुजी नोकरी राहू दे."